गुरुवार ते रविवार

४ ऑक्टोबर २००७, गुरुवार. दौंड

साडेसहाला खोलीवर आले. विलास येऊन गेलेला. अंथरूण घडी करून कॉटच्या पायाशी, कप धुऊन पालथा. टेबलावर बोटीच्या सहलीचं रंगीत पुस्तक, गुळगुळीत कागदाचं. वर चिठ्ठी: "बघून ठेव. शनिवारी बोलू."

बोटीची सहल! मी विचारलं काय आणि हा ठेवून गेला काय.

लिहूनच ठेवते. २० सप्टें.ला ऑफिसात पत्र आलं. शिरूरच्या पोस्टात काउंटरची एक जागा रिकामी होतेय. सहा वर्षांपूर्वी बदलीचा विनंती अर्ज दिला होता, त्याचा नंबर लागला. ३० नोव्हेंबरच्या आत लेखी संमती द्यायची. नाही दिली तर नाव पुन्हा यादीच्या तळाला. मी तिथूनच आनंदानं विलासला फोन लावला. तो म्हणाला, "बघ. तुला जसं वाटंल तसं."

सहा वर्षं! आणि "जसं वाटंल तसं".

त्यानंतर दोन आठवडे विषय नाही. आणि आज बोट.

(समोर 'अहो' म्हणते. वहीत तरी नावानं लिहिणार.)

७ ऑक्टो., रविवार. शिरूर

काल संध्याकाळी न्हावऱ्याला बस बदलून आले. नेहमीसारखी. विलास पहाटे सहाला कंपनीच्या बसनं रांजणगावला गेला, मी त्याच्या घरात एकटी. घर आमचं दोघांचं आहे कागदावर, पण मी 'त्याचं घर' असंच म्हणते हे आज लिहिताना लक्षात आलं.

एमआयडीसीत सुट्टी गुरुवारी. पोस्टाला रविवारी. बारा वर्षं झाली लग्नाला. रविवारी मी इथं त्याच्याशिवाय, गुरुवारी तो दौंडच्या माझ्या खोलीत माझ्याशिवाय, मी सुटायच्या आत त्याची परतीची बस. मधल्या काळात बसस्टँड. लता (काउंटरला शेजारी बसते) म्हणते, "तुमचं बरं आहे बाई, भांडायला वेळच नाही." मीही हसते. आता हसून हसून तोंड दुखायला लागलंय.

चारला आला. चहा त्यानंच केला. मग पुस्तक उघडून बसला. त्यांच्या सुपरवायझरनं केली म्हणे अशी सहल, फोटो आणले होते प्लँटमध्ये. मुंबईहून निघते, परदेशी बोट. पगारवाढीच्या करारातला फरक मिळालाय, त्यातून जाऊ म्हणतो.

मी म्हटलं, "आणि ते शिरूरचं?"

"त्याला टाइम हाय की अजून. आधी हे बघ."

पुस्तकात एक जोडपं कठड्याला टेकून उभं आहे, दोघांनी पांढरे कपडे घातलेत. विलास त्या पानावर बराच वेळ होता. काय बघत होता कोण जाणे.

१४ ऑक्टो., रविवार. शिरूर

काल येताना वस्तीवर उतरले, आप्पांना भेटले. सासरे एकटेच असतात आता, ऊस वाट्यानं दिलाय. मेंढरं विकून पंचवीस वर्षं झाली तरी बोलणं मेंढरांचंच. बोटीचं सांगितलं. वाटलं ओरडतील. उलट खूश!

"दर्या म्या बघितलाय," म्हणाले. "कोकणात उतरायचो ना मेंढरं घिऊन. लई पानी. पर काय उपेग? मेंढरं तोंड लावंनात. वास घिऊन मागं फिरायची."

अख्ख्या घरात समुद्र बघितलेला हा एकच माणूस. आमचं लग्नानंतरचं फिरणं म्हणजे जेजुरी, तेही सासूबाई, नणंद आणि तिची दोन पोरं धरून सहा जण.

निघताना विचारलं, "आप्पा, माझी शिरूरला बदली झाली तर?"

"बेस हुईल की. इलास काय म्हन्तो?"

मी म्हटलं, खूश आहेत. खोटं बोलले. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि पानाचा डबा उघडला.

१५ ऑक्टो., सोम. दौंड

बसमध्ये विचार करत आले. बदली म्हणजे रोज. रोज सकाळ, रोज संध्याकाळ. सुट्ट्या वेगळ्या असल्या म्हणून काय, रोज एका घरात. बारा वर्षांत सलग चार दिवस आम्ही एका छपराखाली राहिलेलो नाही. सणाला दोन दिवस, त्यात माणसं. सासूबाई गेल्या तेव्हा तेरा दिवस, पण ते माणसांत.

मूल नाही. त्याबद्दल या वहीत लिहायचं नाही असं मागंच ठरवलंय.

मला भीती वाटते. त्याला मी तिथं नको असेन तर? आणि खरं लिहायचं तर, मला तरी हा रोज हवा आहे का? मला माहीत नाही. माहीत असण्याइतका तो माझ्या वाट्याला आलेलाच नाही.

बोटीवर जावं असं आज पहिल्यांदा वाटलं. चार दिवस राहून बघू. जमलं तर सही करीन.

२० ऑक्टो., शनि. शिरूर

ट्रॅव्हल्सवाल्याकडं गेलो दोघं. साडेसातला, तो शटर ओढायच्या बेतात. माणूस गोड बोलणारा. तीन प्रकार सांगितले. सिंगापूरची बोट: विमान, पासपोर्ट, आपल्या आवाक्याबाहेर. लक्षद्वीपची: चार रात्री, सोमवारी निघणार, म्हणजे विलासला चार रजा आणि मला पाच. गोव्याची: दोन रात्री, नाहीतर तीन.

"ट्विन शेअरिंग रेट आहे हा, मॅडम. म्हणजे जोडप्याचा. एकटा माणूस गेला तर दीडपट पडतं."

विलास हिशेबाला पक्का. खाणं त्यात का? बंदराचा कर? टिप द्यावीच लागते का? सगळं विचारलं. मला एकच विचारायचं होतं, केबिनचं. आतली स्वस्त, खिडकी नाही. बाहेरची महाग, गोल खिडकी.

"खिडकी कशाला? वर डेक हाय की उघडा," विलास.

"समुद्रात जाऊन भिंत बघायची का?" मी.

ट्रॅव्हल्सवाला हसला. विलास नाही हसला. विचार करून सांगतो म्हणून बाहेर पडलो. रस्त्यानं तो दोन पावलं पुढं. नेहमीच असतो. मी कधी सांगितलं नाही की हळू चाला.

२५ ऑक्टो., गुरु. दौंड

आज साहेबांनी विचारलं संमतीचं काय. म्हटलं, देते. फॉर्म पर्समध्येच आहे. एकाच पानाचा. नाव, हुद्दा, 'मी राजीखुशीने', सही.

राजीखुशीने. बघू.

विलास आज आला नाही. फोनवर म्हणाला कमिटीची मीटिंग आहे. तो कामगार प्रतिनिधी आहे ना तीन वर्षांपासून. सुट्ट्या, कँटीन, बूट, सगळ्या कागदांवर याची सही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा लोक बोलावतात. त्याला आवडतं ते. तिथं त्याच्या शब्दाला किंमत आहे, आणि ते मला खरंच बरं वाटतं.

२८ ऑक्टो., रवि. शिरूर

आज मी फार खूश आहे, आणि इथं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

विलास कामावर. मी केर काढताना पुस्तक खाली पडलं. मागच्या कोऱ्या पानावर त्याच्या पेन्सिलीनं लिहिलेलं: गु शु श र. 'गु'भोवती गोल. 'र'भोवती गोल. खाली २२ ते २५ नोव्हें.

चार वाजता आला तेव्हा विचारलं, हे काय?

चपला काढत म्हणाला, "तीन रात्रींची बोट हाय. गुरुवारी सांच्याला निघती, रविवारी सकाळी परत. माझा गुरुवार त्यात आला, तुझा रविवार पन आला. दोन्ही सुट्ट्या एकाच ट्रिपमधी."

इतकंच. आत गेला हातपाय धुवायला. मी तिथंच दाराशी उभी. बारा वर्षांत मला कुणी इतकं छान काही दिलेलं नाही. माझा रविवार आणि त्याचा गुरुवार एकत्र बसवण्यासाठी हा माणूस पेन्सिल घेऊन बसला होता.

आतून ओरडला, "आन् खिडकीवाली घेऊ. तू म्हन्तीस तर."

३० ऑक्टो., मंगळ. दौंड

विलासनं बुकिंग केलं. फोन आला दुपारी. मला तीन दिवसांची रजा: गुरु, शुक्र, शनि. त्यालाही तीन: शुक्र, शनि, रवि. अर्ज आजच टाकला. साहेब म्हणाले, कुठं? म्हटलं, बोटीनं गोव्याला. सगळं काउंटर माझ्याकडं बघायला लागलं. लता म्हणाली, आता ड्रेस घ्या दोन, साडीत वारा भरेल.

फॉर्म अजून कोरा. परत आल्यावर. सोमवार २६ ला देईन, चार दिवस हातात राहतात.

४ नोव्हें., रवि. शिरूर

ड्रेस घेतला, एकच. फिकट निळा. त्याला पांढरा शर्ट. मुद्दाम पांढराच, त्याच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही. उलटी थांबायच्या गोळ्या. आप्पांनी सुंठ पाठवलीय, वाटेत चघळायला. "मेंढरावानी मागं फिरू नगा," असा निरोप.

दोघांचे फोटो, ओळखपत्रं, सगळं एका पाकिटात. विलासनं पाकिटावर आमची नावं लिहिली. त्याच्या अक्षरात माझं नाव कितीतरी वर्षांनी पाहिलं.

११ नोव्हें., रवि. केडगाव

भाऊबीज. दादाकडं आले. फराळ, पोरांचे फटाके, सगळं ठीक. वहिनी म्हणाल्या, भाऊजी नाही आले? म्हटलं त्यांना त्यांची बहीण आहे की. विलास श्रीगोंद्याला गेलाय नणंदेकडं. कंपनी आज बंद ठेवलीय भाऊबीजेसाठी, म्हणजे चक्क रविवारी सुट्टी.

संध्याकाळी ओवाळून झाल्यावर एकदम डोक्यात आलं. आज दोघांनाही सुट्टी होती. वर्षातून एखादा असा दिवस, आणि आम्ही दोन वेगळ्या गावांत, दोन वेगळ्या पाटांपाशी. त्यानं सुचवलं नाही, मीही नाही. सुचलंच नाही दोघांना.

जाऊ दे. अकरा दिवस राहिलेत.

१८ नोव्हें., रवि. शिरूर

शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी त्याचे कंपनीचे शर्ट भिजवायला घेतले. खिशात घडी केलेला कागद. नोटीस. 'भाऊबीजेनिमित्त रविवार दि. ११ रोजी कारखाना बंद राहील. त्याबदली गुरुवार दि. २२ रोजीची साप्ताहिक सुट्टी रद्द करण्यात येत असून कारखाना नेहमीप्रमाणे चालू राहील.' खाली कामगार प्रतिनिधींच्या तीन सह्या. दुसरी सही विलासची. तारीख २५ ऑक्टोबर.

बदली सुट्टी म्हणतात याला. दर सणाला करतात. मला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे, तोच तर करतो.

२५ ला सही. पेन्सिलीचे गोल २८ ला दिसले. बुकिंग ३० ला.

चारला आला. कागद पुढं ठेवला. त्याचा चेहरा बघत होते. आधी काही कळलं नाही त्याला, मग वाचलं, मग खाली बसला खुर्चीवर.

"आयला," म्हणाला. "ह्यो गुरुवार तो व्हय."

"तुम्ही सही केलीय."

"सही करताना कोन वाचतंय? दर साली तीच नोटीस. तारीख तेवढी बदलती."

"तारीखच तर होती."

त्यानं कागद टेबलावर उलटा ठेवला.

"एक दिवस रजा टाका."

"बदलीच्या दिवशी रजा देत न्हाईत. खाडा केला तर दोन्ही दिवसांचा पगार कापत्यात. पगाराचं सोड, शोभा. म्या सही केलीय. म्याच न्हाई गेलो तर पोरं काय म्हन्तील? उद्या त्यांना कुठल्या तोंडानं सांगू, बदलीला या म्हनून?"

पहिली पाळी साडेतीनला सुटते. बोटीचा दरवाजा मुंबईत चारला बंद. बसणार कसं?

मी म्हटलं, त्याऐवजी आदल्या रात्रीची तिसरी पाळी मागून घ्या. पहाटे सुटून गाडीनं सरळ मुंबई.

"विचारतो मॅनेजरला."

विचारतो म्हणाला. पण कसा म्हणाला? लिहिता येत नाही मला. आप्पा 'पाऊस पडंल' म्हणतात ना उन्हाळ्यात, तसा.

१९ नोव्हें., सोम. दौंड

सकाळी बसला उशीर झाला तरी चालेल म्हणून ट्रॅव्हल्सवाल्याच्या दुकानापाशी थांबले. तारीख बदलत नाही. निघायला आठवड्याहून कमी राहिला की पैसे परत नाहीत. नाव बदलता येत नाही, यादी बंदरावर गेलीय. वाईट वाटलं त्याला, चहा मागवला. घेतला नाही.

पैशांचं दुःख नंतर करीन, रांगेत उभं राहू दे त्याला.

दिवसभर काउंटरला शिक्के मारताना एकच चालू होतं डोक्यात. खरंच विसरला? की माहीत होतं? माहीत असून गोल काढले असतील तर का काढले? मला खूश करायला, आणि मग सुटायलाही? तो इतका कारस्थानी नाही. पण माणूस स्वतःला न सांगताही काही करतो. मीही सहा वर्षं अर्जाचा एकदाही पाठपुरावा केला नाही. लता दरवर्षी हेड ऑफिसला जाऊन विचारायची स्वतःच्या अर्जाचं. मी म्हणायचे, येईल तेव्हा येईल.

२० नोव्हें., मंगळ. दौंड

फोन. मॅनेजर नाही म्हणाले. तिसऱ्या पाळीत त्याचं मशीनच बंद असतं.

"तू जा," म्हणाला. "लताबाईला घिऊन जा."

"नाव बदलत नाही."

"मंग एकली जा. पैसे तरी वाया जायचे न्हाईत."

मी फोन ठेवला. जोडप्याच्या दरात एकटी जाऊ? त्या केबिनमध्ये दोन उशा असतील.

२२ नोव्हें., गुरु. दौंड

रजा रद्द केली नाही. काउंटरला जाऊन काय सांगणार होते? सगळ्यांना वाटतंय मी बोटीवर आहे. म्हणून दिवसभर दार लावून खोलीत.

गुरुवारी दिवसा या खोलीत मी पहिल्यांदाच. अकराला ऊन कॉटवर येतं. दीडला शेजारी कुणीतरी कपडे आपटतं. मालगाडीचे डबे जोडतात तेव्हा भांडी थरथरतात. मला यातलं काही माहीत नव्हतं, मी फक्त सकाळ-संध्याकाळची. हा बारा वर्षं इथं पडून हे ऐकत होता. कधी बोलला नाही. मी विचारलं नाही.

घरमालकीण काकू दारातून म्हणाल्या, "अगं बाई, तुम्ही? गुरुवारी मिस्टर असतात ना?" जणू आमच्यातलं एकच कुणीतरी असायचं असतं.

चार वाजले. पाच वाजले. गेली असेल.

सव्वासातला दार वाजलं. विलास. अंगावर कंपनीचा शर्ट, हातात ती नवी बॅग, बोटीसाठी भरलेली. पाळी सुटल्यावर तसाच बसमध्ये बसला.

"तीन दिवस रजा हाय माझी," म्हणाला. "तुझी पन हाय. म्हटलं, हितंच राहू."

मला रडू आलं. त्यानं बॅग कुठं ठेवावी विचारलं. बारा वर्षं येतोय या खोलीत, आणि आज विचारतोय.

२३ नोव्हें., शुक्र. दौंड

पहाटे पाचलाच उठून बसला. मग काय करायचं ते कळेना. एरवी या वेळी एक तर तो नसतो, नाहीतर मी निघायच्या गडबडीत. खोली दहा बाय बारा. मी ओट्याशी, तर तो दाराशी. मी दाराशी, तर तो कॉटवर. दोनदा धक्का लागला, दोन्ही वेळा तो "सॉरी" म्हणाला. नवऱ्यानं सॉरी म्हणावं का बायकोला धक्का लागल्यावर?

चहा केला. त्यानं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"साखर बंद हाय माझी."

"कधीपासून?"

"दोन वर्सं झाली. कंपनीच्या डाक्तरनं सांगितलं."

दोन वर्षं. शिरूरला चहा तो करतो, स्वतःचा आधी वेगळा ओततो. मी ते पाहत होते की. मला वाटायचं त्याला घाई असते.

नवा चहा टाकला, बिनसाखरेचा. दिवसभरात बोललो ते एवढंच नाही, पण बाकीचं लिहिण्यासारखं नाही. भाजी काय, ऊन किती. मूल असतं तर त्याच्याशी बोललो असतो दोघं. लिहायचं नाही म्हणता म्हणता लिहिलंच शेवटी.

२४ नोव्हें., शनि. दौंड

सकाळी नदीवर गेलो चालत. विलास दोन पावलं पुढं. आज सांगितलं, हळू चाला. तो एकदम थांबला, जणू कुणी साखळी ओढली. मग बरोबर चालला, पण पाय जुळेनात. सारखं खाली बघत होता.

भीमेला पाणी बरं आहे अजून. घाटाच्या पायरीवर बसलो. मी निळा ड्रेस घातला होता, त्यानं पांढरा शर्ट. ठरवून नाही, बॅगेत तेच होतं. समोर दोन म्हशी डुंबत होत्या.

"ह्योच आपला दर्या," म्हणाला.

मी हसले. तोही. छान वाटलं, अगदी खरं छान. तेवढ्या धीरावर मी विचारून टाकलं, "सही करताना तारीख खरंच नव्हती वाचली?"

तो पाण्याकडं बघत म्हणाला, "वाचली असंल. ध्यानात न्हाई."

मी 'असंल'चा अर्थ विचारला नाही. विचारला असता तर तो खरं बोलला असता, त्याला खोटं जमत नाही. म्हणूनच विचारला नाही.

येताना भजी घेतली. चालता चालता खाल्ली. बोटीवर आज रात्री मोठं जेवण असतं, पुस्तकात फोटो होता.

२५ नोव्हें., रवि. दौंड

आज सकाळी बोट परत आली असेल.

दुपारची जेवणं झाली. तो बॅग भरत होता, चारची बस. एकदम म्हणाला, "तो शिरूरचा कागद कुठंय?"

पर्समधून काढून दिला. कॉटवर बसला, चष्मा लावला. वाचायला लागला.

एका पानाचा फॉर्म. माझं नाव, हुद्दा, ऑफिस, 'मी राजीखुशीने', तारीख. ओळीखाली बोट धरून वाचला. पाठीमागं काही आहे का ते बघितलं, कोरं होतं. पुन्हा पहिल्यापासून वाचला. मी ओट्याशी उभी, हातात ओला तांब्या, आणि वाटलं, हा आता काहीतरी बोलणार. ये म्हणेल. नको म्हणेल. काहीही म्हणू दे.

त्यानं कागद घडीवर घडी नीट घातली आणि माझ्याकडं दिला.

"ह्यावर माझी सही लागत न्हाई ना?"

"नाही. माझी एकटीची."

"हां," म्हणाला.

स्टँडपर्यंत सोडायला गेले. बरोबरीनं चालला. बस लागलेलीच होती. खिडकीतून म्हणाला, "गोळ्या त्या राहिल्या बघ, उलटीच्या. ठिवून दे, तारीख लांबची हाय."

२९ नोव्हें., गुरु. दौंड

उद्या तीस. साहेबांनी आज दोनदा आठवण करून दिली. लतानं विचारलं, बोट कशी होती? म्हटलं, छान. खिडकी होती.

संध्याकाळी आले तर अंथरूण जसं घालून गेले होते तसंच. विलास आला नाही आज. फोनही नाही. कमिटी असेल. नसेलही.

फॉर्म समोर आहे. पेन उघडून दोनदा मिटला. बदलीला मी आजही घाबरते, पण आता दौंडलाही घाबरते. ही खोली गुरुवारी कशी वाजते ते कळलंय मला.

लिहायला गेले की त्याचा आवाज येतो. ह्यावर माझी सही लागत न्हाई ना? सुटल्यासारखं विचारलं त्यानं, की वाईट वाटून? बारा वर्षांच्या बायकोला हे आवाजावरून कळायला हवं. मला नाही कळलं. चार दिवस ते एकच वाक्य फिरवून फिरवून ऐकतेय आणि दर वेळी वेगळं ऐकू येतं.

शिरूरकडची शेवटची बस पावणेआठला येते. आता सात चाळीस. चहा टाकलाय, साखर अजून घातलेली नाही.